सातपट पुरे

चष्मा घेतांना माणूस डोळ्यांच्या डॉक्टरचा सल्ला घेतो. दुर्बीण घेतांना मात्र तो आपल्या महत्त्वाकांक्षेचा सल्ला घेतो. चष्म्याचा नंबर वाढला म्हणून कोणी पेढे वाटल्याचें माझ्या ऐकिवांत नाहीं. पण दुर्बिणीवरचा आंकडा जितका मोठा तितकी तिच्या मालकाची मान ताठ. ‘आमची वीसपट दाखवते!’ असें सांगणाऱ्याच्या स्वरांत, ती वीसपट दृष्टि जणूं त्याला जन्मतःच लाभली असावी असा अभिमान असतो. दूरचें जवळ आणणें हेंच दुर्बिणीचें काम, तेव्हां जी अधिक जवळ आणील ती अधिक चांगली, हें तर्कशास्त्र वरवर पाहतां बिनतोड आहे. जमिनीवर तें बरेंचसें चालतेंही. परंतु समुद्रावर, आणि त्यांतून शिडाच्या लहानशा होडीवर, तें पहिल्या लाटेबरोबर कोलमडतें. तें कसें, हें सांगण्यासाठींच हा लेखनप्रपंच.

ही चौकशी मीं निव्वळ हौसेखातर आरंभिली नव्हती. माझ्या एका मित्रांनीं तीस-बत्तीस वर्षें व्यापारी जहाजांवर इंजिनियर म्हणून काढलीं. म्हणजे समुद्रावर राहूनही त्यांचें आयुष्य जहाजाच्या पोटांतच गेलें. निवृत्त झाल्यावर राहिलेला समुद्र एकदां डोळे भरून पाहून घ्यावा या ईर्षेनें त्यांनीं एक जुनी, आठ मीटर लांबीची, शिडाची होडी विकत घेतली. ऑक्टोबरपासून मेपर्यंत ती मुंबईच्या बंदरांत नांगरलेली असते. पावसाळ्यांत तिला किनाऱ्यावर ओढून ताडपत्रीखालीं निजवितात. रविवारीं आम्ही दोघे वाऱ्याच्या मर्जीप्रमाणें कधीं मांडव्याकडे, तर कधीं खांदेरीच्या रोखानें जातों.

दोन वर्षांपूर्वीं त्यांना काचबिंदु असल्याचें निष्पन्न झालें. मोतीबिंदु काढतां येतो. काचबिंदूनें नेलेली दृष्टि मात्र परत येत नाहीं. शिवाय तो ती नेतो ती कडांकडून. समोरचें दीर्घकाळ स्वच्छ दिसत राहतें, आणि बाजूचें जग न कळत गळून जातें. सुकाणू धरणाऱ्याला समोरची दृष्टि एक वेळ पुरेल. पण पहारा करणाऱ्याला बाजूचीच दृष्टि लागते. एके दिवशीं ते अगदीं शांतपणें म्हणाले, “प्रोफेसर, ह्यापुढें सुकाणू माझ्या हातांत आणि डोळे तुमचे. तेव्हां नवी दुर्बीण तुम्हीच निवडा. तुमच्या डोळ्यांना मानवेल ती.” कॉलेजांत अभ्यासक्रमासाठीं मीं आजवर कितीतरी पुस्तकें निवडलीं आहेत, पण पुस्तक कसेंही निघालें तरी त्यानें कोणी बुडत नाहीं. ही निवड त्या जातीची नव्हती.

दुर्बिणीचें आणि समुद्राचें नातें खुद्द दुर्बिणीइतकेंच जुनें आहे. १६०८ सालीं हॉलंडांत हान्स लिपरशे या चष्मे करणाऱ्या कारागिरानें आपल्या नळीचें पेटंट मागितलें, तेव्हां तेथील सरकारनें त्याला ती दोन्ही डोळ्यांनीं पाहतां येईल अशी करून आणावयास सांगितलें. पुढच्याच वर्षीं ऑगस्ट महिन्यांत गॅलिलिओनें व्हेनिसच्या श्रेष्ठींना सेंट मार्कच्या मनोऱ्यावर नेऊन आपली दुर्बीण दाखविली. नुसत्या डोळ्यांना दिसण्याआधीं दोन तास गलबतें हिच्यांतून दिसतात, हा तिचा गुण त्यानें त्यांना पटवून दिला. समुद्रावर पोट असलेलें राज्य तें. चंद्रावरील डोंगरांपेक्षां हे दोन तास त्यांना अधिक मोलाचे वाटले असल्यास नवल नाहीं. आज आपण गळ्यांत अडकवितों त्या जोडदुर्बिणीचे लोलक इटलीच्या पोरोनें १८५४ सालीं योजिले, आणि १८९४ पासून जर्मनींतील झाइस कंपनीनें तशा दुर्बिणी विकावयास काढल्या. लोलकांमुळें लांबलचक नळी दुमडून दोन तळहातांत मावूं लागली, आणि भिंगांतून उलटें पडणारें चित्र सुलट झालें.

अशा दुर्बिणीच्या अंगावर दोन आंकडे कोरलेले असतात. ७×५० याचा अर्थ असा कीं, ती वस्तु सातपट जवळ आणते आणि तिच्या पुढच्या भिंगाचा व्यास ५० मिलिमीटर आहे. पहिला आंकडा गिऱ्हाइकाला भुलवतो. दुसरा त्याच्या मानेला जाणवतो, कारण ५० मिलिमीटरांची मजबूत सागरी दुर्बीण सुमारें एक किलो भरते. या दोन आंकड्यांच्या भागाकारांत तिसरा एक आंकडा लपलेला असतो. त्याच्याकडे मी पुढें येतोंच.

निवड करण्यापूर्वीं मीं ओळखीच्या मंडळींकडून दोन दुर्बिणी मागून आणल्या. एक सातपटीची, दुसरी बारापटीची. प्रथम मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर कोपरें टेकून दोन्ही लावून पाहिल्या. बारापटीची निर्विवाद जिंकली. दूरवरच्या जहाजावरचीं अक्षरें तिनें सुटीं करून दाखविलीं; सातपटीच्या दुर्बिणींत तीं मुंग्यांच्या रांगेसारखीं दिसत होतीं. मग त्याच दोघींना घेऊन आम्ही होडीवर गेलों. वारा मध्यम होता, लाटाही फार मोठ्या नव्हत्या. बारापटीची डोळ्यांना लावली मात्र, जहाज नाचूं लागलें. एका क्षणीं पोलादी भिंत, दुसऱ्या क्षणीं नुसतें आभाळ, तिसऱ्या क्षणीं फेंसाळ पाणी. कारण साधें आहे. दुर्बीण वस्तूला जितकी पट जवळ आणते, तितकीच पट ती आपल्या हाताचा कंपही मोठा करते. तिला जहाज कोणतें आणि थरथर कोणती हा विवेक नाहीं. शिवाय पट वाढली कीं एका वेळीं दिसणारा देखावा सहसा अरुंद होतो. चांगली सातपटीची दुर्बीण एक किलोमीटरवर सुमारें सव्वाशें मीटर रुंदीचा पट्टा दाखवते. बारापटीचा पट्टा त्याहून बराच लहान, आणि डोलणाऱ्या होडींतून त्या लहान खिडकींत एखादा बोया पकडणें म्हणजे चालत्या गाडींतून सुईंत दोरा ओंवण्यापैकीं आहे. सातपटीच्या दुर्बिणींतही चित्र हलत होतें. पण त्या हालण्यांतूनही डोळा त्याच्या मागें जाऊं शकत होता. तोंडपाठ म्हणणाऱ्या हुशार मुलापेक्षां सावकाश पण धडपणें वाचणारा मुलगा शिक्षकाला बरा वाटतो, तशी ती मला वाटली.

बरें, अधिक पटीचा समुद्रावर उपयोग तरी कितीसा? पाण्यापासून दोन मीटर उंचीवर डोळा असेल, तर क्षितिज अवघें पांच किलोमीटरांच्या आसपास असतें. आमच्या होडींत बसलेल्या माणसाचें जग एवढेंच. मोठ्या जहाजांच्या डोलकाठ्या आणि उंच मनोरे त्याच्या पलीकडूनही डोकावतात हें खरें. पण पृथ्वीची गोलाई ओलांडून पाहणारें भिंग अद्याप कोणी घांसलेलें नाहीं. या पांच किलोमीटरांच्या वर्तुळांत मला कळावयास हवें तें मोजकेंच आहे. समोरचा बोया हिरवा कीं तांबडा. कोळ्यांनीं जाळें कोठें पसरलें आहे. तें दूरचें जहाज आपल्याकडे येत आहे, कीं आपल्यापासून जात आहे. यांपैकीं एकाही प्रश्नाला बारापटीची गरज नाहीं.

आतां त्या लपलेल्या तिसऱ्या आंकड्याकडे वळतों. दुर्बीण हातभर लांब धरून आभाळाकडे रोखली, तर मागच्या प्रत्येक भिंगांत प्रकाशाची एक वाटोळी टिकली दिसते. पुढच्या भिंगाच्या व्यासाला पटीनें भागलें कीं या टिकलीचा व्यास येतो. पन्नासाला सातानें भागून सात मिलिमीटरांहून किंचित् अधिक. पन्नासाला बारानें भागून सुमारें चार. दुर्बिणीनें गोळा केलेला सर्व प्रकाश या टिकलींतून बाहेर पडतो, आणि डोळ्याच्या बाहुलींत शिरेल तेवढाच आपल्या कामाचा. तरुण माणसाची बाहुली अंधारांत सुमारें सात मिलिमीटरांपर्यंत उमलते. म्हणूनच रात्रीच्या पहाऱ्यासाठीं ७×५० हें माप जगांतल्या आरमारांनीं पसंत केलें. पण वय वाढतें तशी बाहुली अंधारांतही पूर्वींइतकी उमलत नाहीं. पन्नाशीनंतर ती बहुधा पांच मिलिमीटरांच्या आसपास थबकते.

दुकानांतला तरुण विक्रेता हें सर्व जाणून होता. त्यानें माझ्या कानशिलांवरच्या पांढऱ्या केंसांकडे एक ओझरता कटाक्ष टाकला, आणि अत्यंत विनयानें तो म्हणाला, “सर, पांच मिलिमीटरांहून मोठी टिकली आपल्याला वायाच जाणार. त्यापेक्षां ७×३५ घ्या. भागाकार बरोबर पांच येतो, आणि वजनही पुष्कळ कमी.” पन्नाशी उलटल्याची सूचना माणसाला नाना वाटांनीं मिळत असते, गुडघ्यांकडून, दांतांकडून, बसमध्यें उठून जागा देणाऱ्या मुलींकडून. ती मिलिमीटरांत मोजून हातीं पडण्याचा प्रसंग मात्र माझ्यावर प्रथमच आला.

त्याचा हिशेब जमिनीवर तंतोतंत खरा होता. पण मी दोन्ही मापें होडीवर लावून पाहिल्यावांचून निर्णय देणार नव्हतों. ७×३५ ची पांच मिलिमीटरांची टिकली आणि माझी पांच मिलिमीटरांची बाहुली एकमेकींवर नेमक्या बसतात तोंवर चित्र उत्तम. परंतु होडीनें जरा अंग टाकलें कीं टिकली बाहुलीवरून घसरते, आणि चित्राची एक कड काळवंडते. संध्याकाळीं हें वारंवार होऊं लागलें. ७×५० मध्यें तसें झालें नाहीं. तेथें माझ्या बाहुलीच्या चहूं बाजूंना एक-एक मिलिमीटर मोकळी जागा उरत होती. होडी डोले, हात सरके, मान कलंडे, तरी बाहुली प्रकाशाच्या आंतच राही. जो प्रकाश त्या तरुणाच्या हिशेबीं वाया जात होता, तोच मला सांवरून धरीत होता. स्थिर जागीं बसून हिशेब करणाराला ज्याचा उपयोग दिसत नाहीं, असें पुष्कळसें हलत्या जगांत कामास येतें. घरांतली एक रिकामी खाट, वेळापत्रकांतला एक मोकळा तास, खिशांतली न मोडलेली एक नोट, यांचें महत्त्व कळतें तें हेलकावा बसल्यावर. मी ७×५० घेतली. मानेला एक किलोचें ओझें झालें. पण डोळ्याला एक मिलिमीटरची मोकळीक मिळाली.

बाकीच्या गोष्टींचा निकाल लवकर लागला. समुद्रावरची दुर्बीण जलाभेद्य असलीच पाहिजे, आणि तिच्या आंत कोरडा नायट्रोजन वायु भरलेला असावा. म्हणजे भिंगांवर आंतून वाफ धरत नाहीं. भिंगांवर परावर्तन रोखणारा लेप हवा. लेप नसलेल्या कांचेच्या प्रत्येक पृष्ठावरून शेंकडा चार या प्रमाणांत प्रकाश माघारी फिरतो, आणि एका नळींत अशीं दहा पृष्ठें असलीं तर एकतृतीयांश प्रकाश वाटेंतच गळतो. ही गळती थांबविण्याची युक्ति झाइसच्या स्माकुला नांवाच्या शास्त्रज्ञानें १९३५ सालीं काढली. माझ्यासारख्या चष्मेवाल्यानें मागच्या भिंगापासून डोळा दीडेक सेंटिमीटर दूर ठेवूनही पूर्ण चित्र दिसतें कीं नाहीं, हें अवश्य पाहावें. कांहीं दुर्बिणींत होकायंत्र असतें, त्यामुळें दीपगृहावर नजर रोखतांच त्याची दिशा चित्राखालींच अंशांत वाचतां येते. शिवाय बारीक आंखलेली एक पट्टी असते. ४० मीटर उंचीचा मनोरा तिच्या २० भागांइतका दिसला, तर तो दोन किलोमीटरांवर आहे हें शाळेंतलें त्रैराशिक सांगतें. आम्हीं होकायंत्राची घेतली. खारें पाणी उडालें कीं ती प्रथम गोड्या पाण्यानें धुवावी आणि मगच पुसावी. सुकलेलें मीठ फडक्याखालीं वाळूसारखें कांच ओरखडतें.

एक गोष्ट मात्र थोडी सविस्तर सांगावयास हवी. सागरी दुर्बिणींत बहुधा मधलें चाक नसतें. दोन्ही नेत्रभिंगें वेगवेगळीं फिरवून आपापल्या डोळ्यांना जुळवावीं लागतात. एकदां जुळलीं कीं थोड्या अंतरापलीकडचें सारें, अगदीं ताऱ्यांपर्यंत, स्पष्टच राहतें. ऐन वेळीं चाक फिरवीत बसावें लागत नाहीं. माझ्या मित्रांनीं आपल्या डोळ्यांना जुळतें त्या जागीं तांबड्या रंगाचे दोन ठिपके दिले आणि माझ्यासाठीं पांढरे. दुर्बीण असते ती पांढऱ्या ठिपक्यांवर.

कंप शोषून घेणाऱ्या दुर्बिणीही निघाल्या आहेत. १९९५ सालीं जपानच्या कॅनन कंपनीनें तशी एक बारापटीची बाजारांत आणली. कळ दाबली कीं थरथरतें चित्र एकाएकीं शांत होतें. पाहणाराला जादूच वाटावी. तिची योग्यता मी कमी लेखीत नाहीं. पण ती वीजघटांवर चालते, आणि आयुष्यभर यंत्रांची सेवा केलेल्या माझ्या मित्रांचें यंत्रांविषयींचें मत फार व्यवहारी आहे. ते म्हणाले, “जें यंत्र नसलें तरी चालतें, तेंच होडीवर असावें.”

यावर कोणी विचारील, आतां खिशांतला फोनसुद्धां भोंवतालच्या जहाजांच्या जागा दाखवितो. मग दुर्बिणीचा हा खटाटोप कशाला? फोन आमच्याकडेही आहे. परंतु जीं जहाजें आपली जागा स्वतःहून आकाशवाणीनें कळवितात, तींच त्यांत दिसतात. लहान मचवे आणि जाळ्यांचे बोये कांहींच कळवीत नाहींत. समुद्रावरील टकरी टाळण्यासाठीं १९७२ सालीं ठरलेल्या आंतरराष्ट्रीय नियमांत पहाऱ्याचा नियम पांचवा आहे. इतर साधनें वापराच असें तो सांगतो. पण त्यानें पहिला मान दिला आहे तो डोळ्यांना आणि कानांना.

दुर्बिणीची मर्यादाही येथेंच सांगून टाकलेली बरी. १९१२ च्या १४ एप्रिलच्या रात्रीं टायटॅनिकच्या डोलकाठीवर पहारा करणाऱ्या दोघांजवळ दुर्बीण नव्हती. त्यांच्यापैकीं फ्रेडरिक फ्लीट यानें पुढें चौकशींत सांगितलें कीं, ती असती तर हिमनग थोडा आधीं दिसला असता. उलट इंग्लंडांतल्या चौकशींत दक्षिण ध्रुवाकडे जाऊन आलेल्या शॅकल्टननें साक्ष दिली ती अशी कीं, पहारेकऱ्याच्या हातीं दुर्बीण असूंच नये. ती अधिकाऱ्याच्या हातीं असावी. दोघांच्याही म्हणण्यांत तथ्य आहे. दुर्बीण डोळ्यांना लावली कीं माणूस एका बाजूला अधिक पाहतो आणि इतर सर्व बाजूंना आंधळा होतो. माझ्या मित्रांना काचबिंदूनें केलें तेंच ती आपल्याला घटकाभर करते. म्हणून आमच्या होडीवरचा रिवाज असा आहे कीं, आधीं उघड्या डोळ्यांनीं सगळें वर्तुळ फिरून पाहावयाचें, आणि जें वेगळें वाटेल त्याच्यावरच दुर्बीण रोखावयाची. शोधणें हें डोळ्याचें काम. ओळखणें हें दुर्बिणीचें.

गेल्या फेब्रुवारींत मांडव्याहून परततांना वारा पडला आणि अंधार झाला. समोर मुंबईच्या दिव्यांची अखंड माळ पसरली होती. उघड्या डोळ्यांनीं पाहतां पाहतां मला त्या माळेंतले कांहीं दिवे विझल्यासारखे वाटले. क्षणानें ते पुन्हां लागले आणि त्यांच्या शेजारचे विझले. दिव्यांच्या पुढून काळें असें कांहीं तरी सरकत होतें. मीं दुर्बीण लावली. शहराच्या झगमगाटांत हरवलेले दोन ठिपके वेगळे झाले. एक तांबडा, एक हिरवा. जहाजाच्या डाव्या कुशीला तांबडा दिवा असतो, उजव्या कुशीला हिरवा. एकच दिसला तर तें आडवें चाललें आहे. दोन्ही दिसले तर त्याचें नाक तुमच्याकडे आहे.

“कोणता?” मित्रांनीं विचारलें.

“दोन्ही,” मी म्हणालों.

त्यांनीं पुढें कांहींच विचारलें नाहीं. होडीचें लहानसें यंत्र सुरू झालें, आणि आम्ही उजवीकडे वळूं लागलों. अरुंद वाटेंत मोठ्या जहाजाला लहान होडीनें अडवूं नये, हा नियम तर आहेच. पण त्या वेळीं नियम आठवण्याची गरज नव्हती. मी दुर्बीण खालीं घेऊं शकत नव्हतों. होडी आडव्या लाटांवर बेफाम डोलत होती, चित्र वरखालीं जात होतें. परंतु तें काळवंडलें नाहीं, आणि ते दोन ठिपके हातचे सुटले नाहींत. मी मोठ्यानें सांगत राहिलों, “दोन्ही… दोन्ही…” माझ्या त्या एका शब्दावर एक माणूस, ज्याला तें जहाज धड दिसत नव्हतें, सुकाणू धरून बसला होता. मग हिरवा मंदावला आणि मिटला. “तांबडा. नुसता तांबडा!” म्हणजे आम्ही त्याच्या वाटेंतून बाहेर पडलों होतों. थोड्या वेळानें तें जहाज एखाद्या चाळीएवढ्या उंचीनें आमच्या बाजूनें निघून गेलें. त्याचें नांव काय होतें, तें मला वाचतां आलें नाहीं. बारापटीनें कदाचित् नांव दाखविलें असतें. मला हवी होती ती त्याची दिशा.

हल्लीं आम्ही अंधारापूर्वीं परततों. डॉक्टरांच्या मतें माझ्या मित्रांच्या दृष्टीचें वर्तुळ आणखी थोडें आवळलें आहे. मात्र एखाद्या रात्रीं वारा नसला आणि आम्ही किनाऱ्यालगत नांगर टाकून राहिलों, कीं मी नेत्रभिंगें तांबड्या ठिपक्यांवर आणून ठेवतों आणि दुर्बीण त्यांच्या हातीं देतों. ते डोलकाठीला पाठ टेकून बसतात आणि गुरु ग्रहाकडे पाहतात. त्याचे जे चंद्र गॅलिलिओनें १६१० सालच्या जानेवारींत पाहिले, ते सातपटीच्या दुर्बिणींतही दिसतात. फक्त हात स्थिर हवा आणि घाई नको. समोरची दृष्टि काचबिंदूनें अद्याप त्यांच्याकडेच ठेविली आहे, आणि गुरूला पाहावयास तेवढी पुरते. “तीन,” ते म्हणतात, आणि मग बऱ्याच वेळानें, “नाहीं, चार आहेत. एक अगदीं चिकटून आहे.”